मस्टर मालकाच्या कपाटात, पुरावा मजुराच्या डोक्यावर

धाराशिव जिल्ह्यात कारखान्याचं टाइम ऑफिस असो, ठेकेदाराची ओसरी असो की विमा कंपनीच्या वकिलाची कचेरी, एक मत हमखास ऐकायला मिळतं. कामगाराच्या नुकसानभरपाईचा कायदा म्हणजे फुकटच्या पैशांची सोय. माणूस घरच्या जिन्यावरून पडतो आणि कामावर पडलो म्हणून सांगतो. रात्री ढोसून मोटारसायकल घालतो आणि महिन्याभरात बायको कोर्टात उभी राहते. मालकाने माणुसकीने दवाखान्याचं बिल भरलं, तर तेच बिल उद्या त्याच्यावर पुरावा म्हणून उलटतं. तेव्हा ज्याला पैसे हवेत त्याने सिद्ध करावं. कामावर होता हे सिद्ध करावं, जखम कामातूनच झाली हे सिद्ध करावं, पगार किती होता आणि हात खरंच निकामी झाला का, हेही सिद्ध करावं. मागणाऱ्यानेच पुरावा द्यायचा, यात वावगं काय?

ऐकायला हे न्यायाचं वाटतं, म्हणून तर ते इतकं चिवट आहे. पण एक साधी चौकशी करावी. माणूस त्या दिवशी कामावर होता, हे कोणत्या कागदावरून कळतं? मस्टरवरून, गेटच्या नोंदवहीवरून, पाळीच्या तक्त्यावरून, पगारपत्रकावरून. यांतला एक तरी कागद मजुराच्या घरी असतो का? सगळे कागद मालकाच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली मालकाच्या खिशात. मग ‘पुरावा आण’ म्हणणाऱ्याला पुरावा कुठे आहे हे ठाऊक नसतं, असं मानायचं का?

यापुढची गोष्ट जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात घडते. जखमीला घेऊन येतो तो बहुधा सुपरवायझर किंवा ठेकेदाराचा माणूस. जखमी बेशुद्ध, नाहीतर वेदनेने कळवळत असलेला. डॉक्टर विचारतात, कसं लागलं? उत्तर देतो सोबत आलेला. केसपेपरवर ‘घरी पडून’ एवढे दोन शब्द उमटले, की पुढची दोन-चार वर्षं मजुराचा वकील त्या दोन शब्दांशी झगडत बसतो. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची नोंद झाली नाही, पोलिसांनी जागेचा पंचनामा केला नाही, यंत्र दुसऱ्याच दिवशी धुऊन-पुसून चालू झालं. आणि मग कामगार नुकसानभरपाई आयुक्तांसमोर प्रश्न येतो: अपघात कामावर झाला याला आधार काय? आधार पुसून टाकणाऱ्यानेच आधाराची चौकशी करायची, यापेक्षा मोठा विनोद कुठल्या नाटकात सापडायचा नाही.

कायदा करणाऱ्यांना ही लबाडी १९२३ सालीच कळली होती. गोऱ्या साहेबाच्या राज्यात झालेला हा कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला; ‘वर्कमेन’ हा शब्द जाऊन २०१० पासून तो ‘एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्ट’ झाला. त्याच्या दहाव्या कलमात अपघाताची सूचना मालकाला द्यावी असं आहे खरं, पण त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की मालकाला अपघाताची माहिती अन्य मार्गाने झाली असेल, तर सूचनेअभावी दावा अडणार नाही. मृत्यू किंवा गंभीर इजा झाली, तर सात दिवसांच्या आत आयुक्तांना कळवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. मृत्यूची खबर दुसऱ्या कुठून मिळाली, तर आयुक्त स्वतःहून मालकाला नोटीस काढून निवेदन मागू शकतात. कारखाने अधिनियमाच्या ८८व्या कलमाखालीही अपघात कळवावाच लागत असे. म्हणजे पहिलं बोलायचं आहे मालकाने. ‘सगळं मजुराने सिद्ध करावं’ हा नियम कायद्याच्या पुस्तकात नाही. तो टाइम ऑफिसातल्या गप्पांतून तयार झालेला आहे.

जी वस्तुस्थिती खास एकाच पक्षाच्या माहितीत आहे, ती सिद्ध करण्याचा भार त्याच पक्षावर, हे तत्त्व पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या १०६व्या कलमात होतं आणि नव्या कायद्यातही आहे. हाती असलेला कागद दडवणाऱ्याविरुद्ध तो कागद गेला असता, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. मजुराने काहीच सिद्ध करायचं नाही, असं कोणी म्हणत नाही. कामाच्या ताणाने हृदयविकार आला असं म्हणायचं, तर ताण आणि मृत्यू यांचा संबंध दाखवावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका गाडीच्या क्लीनरच्या प्रकरणात बजावलं आहे. पण दाखवायची असते ती शक्यता, कुठली बाजू जास्त पटते एवढंच. खुनाच्या खटल्यातला ‘संशयापलीकडे’चा निकष इथे नाही. विमा कंपनीचे वकील मात्र विधवेची उलटतपासणी अशी घेतात, जणू तिनेच नवऱ्याला ढकललं.

आता धाराशिवचंच एक प्रकरण पाहू. २२ एप्रिल २००३. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी, ड्युटी पहाटे तीन ते सकाळी अकरा. तो मोटारसायकलवरून कामावर निघाला आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटर उरला असताना अपघातात गेला. मागे बायको, चार मुलं आणि आई. तेव्हाच्या उस्मानाबादच्या दिवाणी न्यायाधीशांनी, म्हणजे कामगार नुकसानभरपाई आयुक्तांनी, २६ जून २००९ रोजी ३,२६,१४० रुपये आणि मे २००३ पासून १२ टक्के व्याज मंजूर केलं. फुकटच्या पैशांची सोय म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरा उलगडून पाहावा. त्या काळी हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा होती महिना ४,००० रुपये. मृत्यूसाठी त्याचे निम्मे धरायचे, म्हणजे २,०००. त्याला वयाच्या तक्त्यातला गुणक, १६३.०७. झाले ३,२६,१४०. एका माणसाच्या उरलेल्या सगळ्या कमाईची किंमत. याच्यासाठी कोणी मरायला निघतं का?

विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. युक्तिवाद असा की माणूस कामावर नव्हता, कामावर ‘जात’ होता. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि आयुक्तांचा निकाल रद्द झाला. या युक्तिवादाला पूर्वपीठिका होती. केरळमधला एक कामगार सायकलवरून पाळीला निघाला. पाळी साडेचारची, लॉरीची धडक बसली सव्वाचारला, कारखाना एक किलोमीटरवर. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगार राज्य विमा (ईएसआय) कायद्याखाली त्याला नाही म्हटलं. पण त्याच न्यायालयाने १९६३ मध्ये मुंबईतल्या बेस्टच्या बसचालकाबाबत उलट निर्णय दिला होता. ड्युटी संपवून तो बेस्टच्याच बसने घरी परतत होता, आणि तो प्रवास नोकरीचाच भाग मानला गेला. म्हणजे ‘गेटच्या आत नोकरी, गेटबाहेर देवाची मर्जी’ ही सोपी रेघ न्यायालयाने कधीच सरसकट मारलेली नव्हती. ती मारली विमा कंपन्यांनी आणि अंगवळणी पडली मालकांच्या.

२०१० मध्ये संसदेने राज्य विमा कायद्यात ५१-ई हे कलम घातलं: घर ते काम या वाटेवरचा अपघात नोकरीतलाच धरायचा, फक्त परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा नोकरीशी संबंध जुळला पाहिजे. पण साखर कामगाराला त्याचा काय उपयोग? राज्य विमा कायदा हंगामी कारखान्यांना लागू नव्हता, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत साखर नावानिशी बसवलेली होती. धाराशिवसारख्या जिल्ह्यात, जिथे ढोकीच्या तेरणेपासून ऊस हाच उद्योगांचा कणा, तिथला कामगार या छत्राबाहेर. त्याच्यासाठी उरत होता तो १९२३चा कायदा आणि त्यातला पुरावा.

पहारेकऱ्याच्या कुटुंबाची फाइल दिल्लीला गेली. २९ जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती मनोज मिश्रा आणि के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने उस्मानाबादच्या आयुक्तांचा निकाल पुन्हा उभा केला. दोन्ही कायदे एकाच हेतूचे, तेव्हा ५१-ईमधला अर्थ १९२३च्या कायद्यातही वाचायचा, आणि ते कलम स्पष्टीकरणाचं असल्याने तो मागच्या अपघातांनाही लागू करायचा. पहाटे तीनची हजेरी असलेला पहारेकरी त्या वेळी त्या रस्त्यावर असण्याचं दुसरं कारण तरी काय? हा प्रश्न पडायला कायद्याची पदवी लागत नाही. त्याचं उत्तर मिळायला मात्र त्या कुटुंबाला २२ वर्षं लागली. असे दावे तीन महिन्यांत निकाली काढावेत असं याच कायद्यात पुढे लिहिलं गेलं आहे!

‘खोटे दावे करून लोक झटपट पैसे काढतात’ म्हणणाऱ्यांनी झटपट या शब्दाचं काय करायचं ते सांगावं.

दुसरी सबब यापेक्षाही जुनी आहे: तो आमचा माणूसच नव्हे. ठेकेदाराचा आहे, मुकादमाचा आहे, रोजंदारीवरचा आहे. यातली रोजंदारीची पळवाट २०००च्या दुरुस्तीने बुजली. नैमित्तिक काम म्हणून मजुराला व्याख्येबाहेर काढण्याची सोय तेव्हाच गेली. ठेकेदाराच्या सबबीला तर कायद्याच्या १२व्या कलमात पहिल्यापासून उत्तर आहे. स्वतःच्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करवून घेणाऱ्या मूळ मालकानेच भरपाई द्यायची, आणि मग ती ठेकेदाराकडून वसूल करायची असेल तर खुशाल करावी. भांडण त्या दोघांचं. तरीही कारखान्याच्या गव्हाणीत हात अडकलेल्या माणसाला ‘तुझं नाव आमच्या मस्टरला नाही’ असं सांगायला कोणाची जीभ अडखळत नाही.

नाव मस्टरला का नाही, हे विचारायचं कोणी? जून २०२३ मध्ये याच जिल्ह्यात ढोकी पोलिसांनी खामसवाडी आणि वाखरवाडी इथल्या विहिरींवरून ११ मजुरांची सुटका केली. दिवसभर विहीर खणायची आणि रात्री पळून जाऊ नये म्हणून साखळदंडाने बांधून ठेवायचं. एक जण निसटला आणि गावी पोचला, म्हणून बाकीच्यांचा पत्ता लागला. त्यांच्यापैकी कोणाच्या अंगावर दगड कोसळला असता तर? सुरुंग लावून किंवा बारा फुटांपेक्षा खोल खणण्याचं काम कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, तेव्हा भरपाईचा हक्क बिनतोड. पण ‘हजेरीचा पुरावा आण’ म्हणणाऱ्यांनी त्या विहिरीच्या तळाशी उभं राहून ते वाक्य एकदा म्हणून पाहावं. साखळदंड हीच त्यांची हजेरी होती.

आणि ऊसतोड? भूम, परंडा, वाशी, कळंब इथून दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाडं निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. वर मुकादम, त्याच्या वर वाहतूकदार, त्याच्या वर कारखाना. उचल द्यायची वेळ येते तेव्हा मुद्रांकावर करारनामा होतो, अंगठे घेतले जातात, साक्षीदार उभे केले जातात. उचल फिटली नाही तर फसवणुकीच्या तक्रारीही होतात. तेव्हा मजूर कोणाचा हे सगळ्यांना नीट माहीत असतं. तोच मजूर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना घसरला आणि मणका गेला, की एकाएकी तो कोणाचाच राहत नाही. मुकादम वाहतूकदाराकडे बोट दाखवतो, वाहतूकदार कारखान्याकडे, कारखाना मुकादमाकडे. पैसे वसूल करायला करार खरा आणि पैसे द्यायला तोच करार खोटा, हा कुठला न्याय?

इथे कायद्यातही भोक आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. परिशिष्टात शेतीकाम येतं ते ट्रॅक्टर किंवा यंत्रशक्तीवर चालणारं. हाताने कोयता चालवणारा त्यात सरळ बसत नाही. यंत्राच्या गाडीत माल भरणारा-उतरवणारा मात्र बसतो. म्हणजे एकच बाई सकाळी फडात तोड करताना पायावर कोयता बसला तर कायद्याबाहेर, आणि दुपारी पन्नास पावलांवर ट्रक भरताना पडली तर कायद्यात. शिवाय मूळ मालकाची जबाबदारी त्याच्या ताब्यातल्या जागेपुरती. फड शेतकऱ्याचा, म्हणून कारखान्याचे वकील खूश. पण हे भोक दाखवून ‘बघा, मजुराचा हक्कच नाही’ म्हणणारे, ते बुजवा असं कधी म्हणताना ऐकू येतात का? एक गोष्ट मात्र ते मजुराला सांगत नाहीत: अपघात बेळगावच्या फडात झाला तरी दावा मजूर राहतो तिथल्या आयुक्तांकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यात दाखल करता येतो.

दारूचा मुद्दा राहिला. तो काढणाऱ्यांचा आवाज नेहमी चढलेला असतो, कारण त्यात नीती आहे. नशा, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं, संरक्षक साधन जाणूनबुजून काढून टाकणं, या सबबी कायद्यात आहेत. पण माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला, तर त्या चालत नाहीत. आणि निव्वळ निष्काळजीपणा तर मुळीच नाही. पाळी संपताना डोळा लागला, घाईत हात पुढे गेला, याची शिक्षा त्या हाताने भोगलेलीच असते. त्यात भरपाई बुडवण्याची शिक्षा जोडायची नाही, हे ठरवूनच हा कायदा झाला. दोष कोणाचा, हा त्याचा विषयच नाही. मोटार अपघाताच्या सवयीने वकील तो विषय आत ओढतात आणि खाली बसलेले माना डोलावतात.

‘बोटं गेली, पण येतो की कामावर’ हे आणखी एक आवडतं वाक्य. पहिल्या परिशिष्टात टक्केवारी बांधलेली आहे: अंगठा गेला तर ३०, एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. तक्ता उपयोगाचा आहे, पण तो शेवटचा शब्द नव्हे. एका चित्रपटगृहात नक्षीकाम करताना पडलेल्या सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचं म्हणणं, तक्त्याप्रमाणे द्या. आयुक्तांनी म्हटलं, एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा कमाईची क्षमता १०० टक्के गेली. ४ डिसेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी ते मान्य केलं. भरपाईचं देणं अपघाताच्या दिवसापासूनच लागतं, निकालाच्या दिवसापासून नव्हे, हेही त्याच निकालात आहे. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. अर्धं शतक झालं या निकालाला. तरी आजही कोयता धरता न येणाऱ्या हाताकडे बघून ‘पाच टक्के’ लिहिणारा दाखला पुढे केला जातो.

शेवटची ढाल म्हणजे सही. मालकाने लाख-दीड लाख दिले, शंभराच्या मुद्रांकावर ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून घेतलं आणि विषय मिटला. मिटला? भरपाईचा हक्क सोडून देणारा करार १७व्या कलमाने निरर्थक ठरवला आहे. मृत्यूच्या प्रकरणात रक्कम आयुक्तांकडेच जमा करायची असते. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. तडजोड करायची तर तिचा करारही आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. तेराव्याला दिलेलं पाकीट माणुसकीचं असेल तर त्याबरोबर मुद्रांक कशाला येतो?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३चा कायदा तिच्यात सामावला. कामावर जाता-येतानाचा अपघात आता संहितेतच आला, पहारेकऱ्याच्या कुटुंबाला २२ वर्षं लावून जे मिळालं ते पुढच्यांना सरळ मिळावं अशी सोय झाली. पण संहिता मजुराच्या घरी मस्टर आणून देत नाही. कामावर घेतानाच भरपाईचा हक्क लेखी कळवायचा, त्याला समजेल अशा भाषेत, हे मालकाचं कर्तव्य २०१७ पासून जुन्या कायद्यात होतं. न कळवल्यास ५० हजारांपासून एक लाखापर्यंत दंड होता. मराठीतला असा कागद हातात असलेला गाळपाच्या हंगामातला मजूर कोणी दाखवावा.

तेव्हा पुराव्याची भाषा करणाऱ्यांशी वाद नाही, पुरावा हवाच. पण तो ज्याच्याकडे आहे त्याने आणावा. अपघाताच्या दिवसाचं मस्टर, गेटची नोंदवही, पाळीचा तक्ता, ठेकेदाराशी आणि मुकादमाशी केलेला करारनामा, आयुक्तांना सात दिवसांत धाडलेल्या कळवण्याची पोच, हे सगळं पहिल्या तारखेला आयुक्तांच्या टेबलावर ठेवावं. दावा खोटा असेल तर याच कागदांनी तो तासाभरात पडेल, उलटतपासणीची गरजही उरणार नाही. आणि हे कागद जळाले, हरवले, ऑडिटला गेले किंवा ठेवलेच नव्हते असं सांगायची वेळ आली, तर खोटं कोण बोलतंय याचा शोध मजुराच्या झोपडीत घेऊ नये.